पत्र्याखालची रेंज

गेल्या पावसाळ्यात आईनं मला बहिरा ठरवलं.

थेट मला सांगितलं नाही. सांगितलं असेलही, पण ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. निरोप आला तो चुलतभावाकडून. तो काकड्या आणि दोडके घेऊन गावाकडनं कोल्हापूरला, लक्ष्मीपुरीत आला होता. जाता जाता उद्यमनगरात माझ्या वर्कशॉपवर डोकावला आणि बशीतला चहा फुंकत म्हणाला, "काकू म्हणत्यात, तुझ्या कानाला कायतरी झालंय. त्या हिकडनं घसा फोडून बोलत्यात आणि तू नुसता हॅलो हॅलो करत बसतोस."

मला हसू आलं, कारण आमच्या घरात बरोबर उलटं मत तयार झालं होतं. आमची ही म्हणायची, "आत्ती फोन उलटा धरत असतील." पोरगा म्हणायचा, आज्जीचं बोट माइकच्या भोकावर असणार. मला वाटायचं, वय झालं, बोलता बोलता विसरत असेल. फोन लागायचा, उचलला जायचा आणि पहिलं "बोल रं" स्वच्छ यायचं. मग तिचा आवाज दळणातल्या खड्यासारखा अडकत यायचा. "...तर त्यो म्हणला..." एवढा गोष्टीचा शेंडा हाताला लागायचा, बुडखा कधीच नाही. "आई, ऐकू येईना झालंय. आई? हॅलो?" असं चार वेळा करून मी फोन ओट्यावर ठेवून द्यायचो. स्पीकर चालूच असायचा, न जाणो मध्येच रेंज आली तर. आणि आम्ही आमच्या बोलण्याला लागायचो.

हे 'आमच्या बोलण्याला लागायचो' लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

बहिरेपणाचा आरोप मात्र मी मनावर घेतला. बावीस वर्षं लेथवर उभा आहे. शेजारी पत्रा कापायचं दुकान, मागं फाउंड्रीवाल्याचा ग्राइंडर. कान शाबूत असतील अशी पैज मी स्वतःवर लावली नसती. डॉक्टरांकडं गेलो. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायला लावतात. बाहेर आलेल्या आलेखाची रेघ बऱ्यापैकी सपाट होती, फक्त ४००० हर्ट्झला खड्डा.

"कारखान्यात काम करता?" डॉक्टरांनी कागदावरची नजर न काढता विचारलं. सततच्या आवाजात काम करणाऱ्यांच्या कानाला पहिली खोच तिथंच पडते म्हणे. पण बोलण्यातला बहुतेक ऐवज त्याच्या खालीच असतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून तर जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं आणि तेवढ्यावर लोकांनी लग्नं ठरवली, जमिनी विकल्या. "फोनवरचं न कळण्याइतकं काही नाही. फोन बदलून बघा," डॉक्टर म्हणाले.

बदलला. माझा फोन बदलला, तिचा नव्हे. काय ती अक्कल! मग सिम दुसऱ्या कंपनीचं घेतलं. तेही माझंच.

आईचं गाव गगनबावडा तालुक्यातलं. तालुक्याबाहेरच्या माणसाला तिथला पाऊस सांगून कळायचा नाही. फुलेवाडी, बालिंगे, कळे असं करत पश्चिमेला निघालं की एकेक गाव ओलं होत जातं, आणि असळजच्या पुढं तर जून ते सप्टेंबर हवा आणि पाणी वेगळं काढता येत नाही. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून दोष पावसावर टाकला होता. पुरावाही होता. उघडीप मिळाली की आई अंगणातून बोलायची आणि त्या दिवशी सगळं लख्ख ऐकू यायचं. झड लागली की ती आत, चुलीपाशी, आणि आवाज तुकडे तुकडे. पाऊस म्हणजे रेंज नाही, ऊन म्हणजे रेंज. यापेक्षा सरळ हिशेब कुठला?

आता कळतंय की हिशेब सरळ होता, पण चुकीचा. छतावरच्या टीव्हीच्या डिशला पाऊस खरोखर नडतो, कारण तिची लाट अडीच सेंटीमीटरची. तिच्यापुढं पावसाचा थेंब बऱ्यापैकी मोठा, ती त्यात अडते आणि विखुरते. खेड्यापाड्यात फोन ज्या लाटेवर चालतो ती बहुधा हातभर नाही तरी चांगली फूटभर असते. ८५० मेगाहर्ट्झला ३५ सेंटीमीटर. तिला थेंबाचं काही वाटत नाही, ती त्याला ओलांडून जाते. पावसात मोबाइल जातो तो वेगळ्याच कारणांनी. वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते, जनरेटरचं डिझेल संपतं, रस्त्याकडेची केबल दरडीबरोबर जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. त्या आठवड्यात पेठापेठांतून लोक हातात फोन घेऊन गच्चीवर उभे होते. पाण्यानं लाटा अडल्या नव्हत्या, टॉवरच उपाशी होते.

तर पाऊस निर्दोष. पण पाऊस आईला आत ढकलत होता, आणि भानगड आत होती. हे समजायला मला दसऱ्यानंतर आलेला एक पोरगा लागला.

दसऱ्याचं आधी सांगतो. सोनं द्यायला आम्ही गावाकडं गेलो होतो. आई गोठ्यात धार काढत होती, मी दारात उभा. चरवीत धारेचा आवाज चालू आणि त्याच लयीत, मान न वळवता तिनं विचारलं, "गिऱ्हाईक किती द्यायलंय म्हशीला?"

मी गार पडलो. म्हशीला गिऱ्हाईक आहे हे कोल्हापुरात फक्त मला आणि हिला ठाऊक होतं. सुगी झाली, भात घरात आलं की आईला इकडं आणायची, म्हैस विकायची, घराला कुलूप घालायचं असं आमचं ठरत आलं होतं. ठरत आलं होतं म्हणजे आम्ही दोघं ठरवत होतो. आईला सांगायचं बाकी होतं, आणि ते कोणी सांगायचं यावर आमची टोलवाटोलवी चालली होती. "कसलं गिऱ्हाईक?" असं काहीतरी पुटपुटून मी काढता पाय घेतला. परत येताना गाडीत मी हिला म्हणालो, सांगायचं होतं तर मला विचारून तरी सांगायचंस. ही म्हणाली, मी? तुम्हीच बोलला असाल. कळ्यापर्यंत आम्ही भांडलो, बालिंग्यापर्यंत गप्प बसलो. शेवटी संशय चुलतभावावर गेला. त्या बिचाऱ्याला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

पोरगा आला तो वाकलेले क्लॅम्प घेऊन. टॉवरवर अँटेना बसवणाऱ्या टीममध्ये होता. रंग उन्हानं जळलेला, कमरेचा पट्टा अजून अंगावरच. क्लॅम्पचं भोक दोन मिलिमीटर वाढवून पाहिजे होतं. मी ड्रिल लावेपर्यंत त्यानं खिशातून फोन काढला, बघितला, आणि शेडमध्ये इकडून तिकडं फिरायला लागला.

"मामा, तुमच्या शेडात रेंजच न्हाई."

"ह्या शेडात कधीच नसते. फोन करायचा तर चहाच्या गाड्यावर जायचं."

"आणि हितं?" तो कोपऱ्यात उभा राहून म्हणाला.

तो उभा होता तिथं वर फायबरचा पत्रा आहे. उद्यमनगरातल्या बहुतेक शेडांना उजेडासाठी असा एखाद-दुसरा अर्धपारदर्शक पत्रा टाकलेला असतो. माझा तर काजळी बसून इतका काळा झालाय की त्यातून उजेड यायचा बंद होऊनही जमाना झाला. त्याच्याखाली मी भंगार ठेवतो. पोरानं फोन माझ्यापुढं धरला. कांड्या नव्हे, आकडा: उणे १०१. मग लेथपाशी जाऊन दाखवला: उणे ११६.

बावीस वर्षं मी चहाच्या गाड्यावर जात होतो. भंगारावर बसलो असतो तरी भागलं असतं.

तो आकडा फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत कुठंतरी दडलेला असतो, डीबीएम म्हणतात त्याला. नेहमी उण्यात. शून्याकडं जाईल तितका बरा. उणे ८० झकास, उणे १०० चालेल, उणे १२० म्हणजे रामनाम. मला तो लगेच आवडला, कारण आमच्या धंद्यात 'बऱ्यापैकी घट्ट' असं माप नसतं, मायक्रोमीटर लावावा लागतो. त्यातली गोम अशी की ही पट्टी सरळ नाही. तीन घटले की ताकद निम्मी, दहा घटले की दहावा हिस्सा. लेथपासून भंगारापर्यंत पंधरा पावलं असतील, तेवढ्यात रेंज तीस पट झाली होती.

"मग कांड्या काय सांगतात?"

"कांड्या ज्याच्या त्याच्या, मामा. कंपनीला वाटंल तिथं ती रेघ मारती. एकाच जागी ह्या फोनला तीन, त्या फोनला दोन."

खरंच आहे ते. २०१० साली ॲपलच्या आयफोन ४ वरून केवढा गदारोळ झाला होता. फोनची स्टीलची कडच अँटेना म्हणून वापरलेली. डाव्या बाजूला खाली एक बारीक फट, आणि हाताचा पंजा नेमका त्या फटीवर आला की रेंज पडायची. फोन तसा धरू नका, असं आधी गिऱ्हाइकालाच ऐकवलं गेलं. मग त्या जुलैत कंपनीनं कबूल केलं की कांड्या दाखवायचं गणितच चुकलेलं होतं, काही वेळा दोन कांड्या जास्त दिसत होत्या. शेवटी फोनवाल्यांना फुकट कव्हर वाटली. तेव्हा मी हे पेपरात वाचून सोडून दिलं होतं. पोरगा गेल्यावर माझा धातूच्या कडेचा फोन भिंगाखाली धरला. कडेला प्लॅस्टिकच्या केसाएवढ्या रेघा आहेत. मी इतकी वर्षं ती नक्षी समजत होतो. त्या फटी आहेत, धातूच्या डबीत अडकलेल्या अँटेनेनं श्वास घ्यावा म्हणून सोडलेल्या. आणि आमची ही आईबद्दल म्हणत होती तेही तसं पोकळ नव्हतं. हात, गाल, डोकं, सगळं पाण्याचं भांडं आहे, लाट पितं. पण इथं दोष धरण्यात नव्हता.

पोरानं अजून बरंच सांगितलं. उसात शिरलं की रेंज का पडते (पानापानात पाणी). चैत्रात जोतिबाच्या यात्रेत फोनवर कांड्या भरलेल्या असतात आणि फोन लागत का नाही. त्याचं उत्तर मला फार पटलं: कांड्या म्हणजे देऊळ किती जवळ आहे ते, रांग किती लांब आहे ते नव्हे. गुलालात न्हालेली लाखभर माणसं एकाच वेळी 'कुठं हाईस?' विचारायला लागली तर टॉवर तरी किती जणांना पुरणार.

मी सहज म्हणालो, आमच्या आईकडं असंच होतंय. तिला आमचं ऐकू येत नाही आणि आम्हाला तिचं.

"तिला ऐकू येत न्हाई असं कुणी सांगितलं?"

"ती बोलतच नाही ना धड. तुटतंय."

"ते तुमच्याकडं तुटतंय, मामा." त्यानं हातातला क्लॅम्प खाली ठेवला. "टॉवरची ताकद एका अँटेनेला ईस-चाळीस वॅट. फोनची किती? जास्तीत जास्त शून्य पॉइंट दोन. टॉवर माइक लावून वरडतोय आणि फोन कानात कुजबुजतोय, असं समजा. टॉवरचे कान लई तिखट असत्यात म्हणून जमून जातंय. पण रेंजच्या कडंला आलं की पयला तुटतो तो बहुतेक करून फोनचा आवाज. टॉवर फोनला ऐकू येत असतोय, फोन टॉवरला न्हाई. कांड्या नुसत्या हिकडच्या बाजूच्या असत्यात. तिकडं काय पोचतंय ते कांड्यावर दिसतच न्हाई."

"म्हणजे आमचं तिला..."

"शंभर टक्के जात असणार. वयनींनी भांडी घासली तर तेबी."

मी ड्रिल बंद केलं. भोक किती वाढवायचं होतं तेच विसरलो होतो.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चार महिने ओट्यावर स्पीकर चालू ठेवून आम्ही काय काय बोललो असू? भाजीचं, पोराच्या मार्कांचं, ते सोडून द्या. "आत्तींना कळतंय कुठं आता" हे एकदा. "तिचा हट्ट आहे, दुसरं काय नाही" हे मी, पुष्कळदा. "तिला विचारत बसलो तर आयुष्यात यायची नाही, घेऊन यायचं सरळ." आणि गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं सांगितलेला आकडा, त्यावरची आमची घासाघीस, पैशातून इथल्या मागच्या खोलीला फरशी घालायचा बेत. पलीकडं पावसात, चुलीपाशी, फोन कानाला लावून ती. आणि चुलतभावाच्या तोंडून आलेला निरोप आता वेगळाच ऐकू यायला लागला: त्या हिकडनं घसा फोडून बोलत्यात.

म्हणजे ती उत्तरं देत होती.

आता छपराचं. हे मी टाळत आलोय, कारण ते माझ्याच हातचं आहे.

घर जुनं, खाली दगडी जोतं, वर हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, खिडक्या पेटीएवढ्या. वर मंगलोरी कौलं. आबा होते तोवर दर मे महिन्यात शाकारणी व्हायची. सगळी कौलं उतरायची, झाडायची, फुटकी बदलायची, परत लावायची. आबा गेले, शाकारणारी माणसंही गेली. त्यांची पोरं आता पुण्याला कंपनीत आहेत. उरली वानरं. छपरावर उड्या मारून एका दुपारी ती पन्नास कौलं फोडतात आणि गळतीच्या ठिकाणी परात ठेवत आई रात्र काढते. तेव्हा परवाच्या मेमध्ये मी कौलं उतरवून निळा कलरकोटेड पत्रा घातला. ट्रस मी स्वतः वेल्ड केले. लाखाच्या घरात खर्च आला. गावातले चार जण बघून गेले, माझी छाती वाढली. पहिल्या पावसानंतर आई एवढंच म्हणाली, "आवाज लई हुतोय रं."

टॉवर आमच्या गावाच्या डोक्यावर, टेकावर आहे. भिंतीतून आणि पेटीएवढ्या खिडकीतून यायची ती रेंज नव्हतीच. ती वरून, कौलातून येत होती. भाजलेली माती तिला फारशी अडवत नाही. पत्रा अडवतो. माझा पत्रा अर्धा मिलिमीटरचा, पण जाडीचा इथं संबंधच नाही. ही लाट धातूच्या वरच्या काही मायक्रॉनमध्येच संपते, म्हणजे कागदाएवढा पत्रा असता तरी तेच. मायक्रॉनवर पोट असलेल्या माणसाला हे कळू नये? आणि शेडमध्ये फोन लागत नाही हे बावीस वर्षं माहीत असलेल्या माणसाला? घर आणि शेड यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मनातच आलं नाही.

एक खूण तर आईनं हातात आणून दिली होती. आबांचा ट्रान्झिस्टर कोनाड्यात असतो. सांगली केंद्र त्यावर लागायचं, १२५१ किलोहर्ट्झ. ती लाट तर २४० मीटर लांब, आमच्या अख्ख्या आळीपेक्षा मोठी. आबा रेडिओ भिंतीला काटकोनात ठेवायचे, मग जरा तिरका, मग अजून जरा, आणि नेमका लागला की हात वर करून सगळ्यांना 'हलू नका' असं खुणावायचे. आत फेराइटची कांडी असते आणि तिला तोंड असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आई अजून तो लावते. जुलैत ती म्हणाली होती, "रेडिओबी खरखरायलाय." हे वाक्य मात्र मला स्वच्छ ऐकू आलं होतं, अंगणातून बोलत होती. मी म्हणालो, "सेल संपले असतील." पुढच्या खेपेला नवे सेल नेले.

अंगणातून ती सगळं बोलायची, फक्त म्हशीचं सोडून. अंगणात बोलायचं म्हणजे आळीला ऐकवायचं. पोरगा आपल्याला न विचारता म्हैस विकतोय हे आळीला ऐकवण्यातली बाई ती नव्हे. ते चुलीपाशी बोलायचं. आणि चुलीपाशी मी पत्रा घातलेला.

उपाय शोधताना लोकांनी बरंच सुचवलं. कुणी फोनच्या पाठीवर चिकटवायचा सोनेरी स्टिकर दिला. तो आईच्या फोनवर नाही पण माझ्या टूलबॉक्सवर छान दिसतो. चुलतभाऊ म्हणाला बूस्टर मिळतो, वर अँटेना आत डबी. क्लॅम्पवाल्या पोराला फोन केला तर तो ओरडलाच. परवान्याशिवाय बूस्टर लावणं बेकायदा, शिवाय असली डबी कधी कधी स्वतःच बोंबलायला लागते आणि टॉवरला दुसऱ्या कुणाचंच ऐकू येत नाही. एका घराच्या सोयीसाठी गावाची रेंज जायची. वायफायवरून फोन करायची सोय असते, पण तिकडं वायफाय कुठलं. राहिला माझ्या शेडातला धडा.

सुगीच्या तोंडावर एका रविवारी टेम्पोत फायबरचा पत्रा टाकून गेलो. आठ फुटी, तीन फूट रुंद. चढायच्या आधी मोजलं. अंगणात उणे ९६. स्वयंपाकघरात, चुलीपासून हातावर, उणे ११९. तेवीसचा फरक, म्हणजे दोनशे पट. मी आईसाठी लाख रुपयांत विकत घेतलेलं अंतर ते.

टॉवरच्या अंगाला, चुलीच्या वर, एक पत्रा सोडवला आणि तिथं फायबर बसवला. त्यात धातू नाही, काचेचे धागे आणि राळ. उजेड जातो तशी लाटही जाते. एवढ्या भोकानं काय होणार असं खालून चुलतभाऊ म्हणत होता. भोक लाटेपेक्षा मोठं पाहिजे, एवढंच बघायचं असतं. मायक्रोवेव्हच्या दाराला जाळी असते, तिची भोकं बारीक आणि आतली लाट बारा सेंटीमीटरची, म्हणून ती बाहेर पडत नाही. माझं भोक आठ फुटांचं. जे-बोल्टला वायसर घातले, सिलिकॉन भरलं, उतरलो. चुलीपाशी उणे १०४. पहिल्यापेक्षा तीस पट, बरोबर माझ्या भंगाराच्या कोपऱ्याएवढं.

आणि उजेड. तो माझ्या डोक्यातच नव्हता. या स्वयंपाकघरात दुपारी बल्ब लावावा लागायचा. आता चुलीवर, राखेवर, आईच्या हातावर दुधी उजेड पडला होता. ती वर बघत म्हणाली, "बरं झालं. खडं दिसत्याल आता तांदळातलं."

म्हशीचा विषय त्या दिवशी मी काढला नाही. तिनंही काढला नाही. जेवताना समोरासमोर बसून आम्ही ट्रसच्या वेल्डिंगवर बोललो. तिनं जास्तीचं दही वाढलं, त्याच म्हशीचं. मी खाल्लं. आमच्या घरात असंच आहे. समोर बसलेल्या माणसाला जे सांगता येत नाही ते पाच-पन्नास किलोमीटरवरून बरं सांगता येतं. निघताना फक्त म्हणालो, "रात्री पोचलो की फोन करतो. आतनंच बोल."

पोचायला साडेआठ झाले. रंकाळ्यावर गर्दी होती. घरी येऊन हात धुतले, फोन लावला. सवयीनं ओट्यावर ठेवायला गेलो, तेवढ्यात हिनं माझ्याकडं बघितलं. मी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

"पोचलास?"

"पोचलो."

आवाज इतका जवळ की तिच्या चुलीतलं लाकूड तडतडलेलं कळत होतं.

"आता आयकू येतंय न्हवं तुला समदं?"

"येतंय आई."

"तुटंना झालंय?"

"अजिबात नाही."

"मग सांगतो," ती म्हणाली. "म्हस इकायची न्हाई."

आणि तिनं फोन ठेवला.